घाटावरचे मीठ

मीठ ही वस्तू इतकी नित्याची आहे की तिला काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही. राजांचा इतिहास लिहिला जातो, गडकोटांचा लिहिला जातो, लढायांचा तर लिहिला जातोच. परंतु ज्या चिमटीवाचून राजाचे पक्वान्न आणि शेतकऱ्याची भाकरी दोन्ही सारखीच अळणी, तिची आठवण बखरकारांनी फारशी ठेवली नाही. भाषेने मात्र ती ठेवली आहे. निष्ठावंत माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, कृतघ्न तो नमकहराम ठरतो, दृष्ट काढावयाची तर मीठ-मोहरी लागते, आणि रस नसलेल्या भाषणालाही आपण अळणीच म्हणतो. आज आम्हांस या मिठाचाच विचार मांडावयाचा आहे. तथापि त्याच्या खारटपणाचा नव्हे. त्या खारटपणाच्या आडून आपल्या घरात येणाऱ्या एका अदृश्य द्रव्याचा. त्या द्रव्याचे नाव आयोडीन.

हा विषय सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात मांडण्याचे कारण सांगितले पाहिजे. हे दोन जिल्हे आज निराळे असले तरी ते एकाच घरातील भाऊ आहेत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. दोघांचीही माता कृष्णा. दोघांच्याही पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आणि त्या भिंतीपलीकडे समुद्र. या मुलखात माळकरी वारकरी आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, ब्राह्मण आहेत; पिढ्यान्‌पिढ्या मासळीला न शिवलेली अशी कितीतरी घराणी येथे नांदतात. अलीकडे तर दूधदुभतेही वर्ज्य करून केवळ वनस्पतिज अन्नावर राहण्याचा संकल्प करणारी तरुण मंडळी शहरांतून दिसू लागली आहेत. आयोडीन हे मुख्यतः समुद्राचे धन. मग समुद्राकडे पाठ करून बसलेल्या या मुलखातील शाकाहारी माणसाला ते कोठून मिळावे, आणि नेमके किती मिळावे? प्रश्न आहारशास्त्राचा वाटतो. पण त्याचे उत्तर इतिहासात शिरल्याविना नीट उमगत नाही.

प्रथम 'किती' याचा उलगडा करू. प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दीडशे. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तरी बेरीज चार ग्रॅमच्या आतच राहते; चहाचा एक चमचाही त्याने भरणार नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची गरज मात्र वाढते. तिला दररोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागतात. बरे, चमचाभर आयोडीन एकदा घेतले आणि जन्माची ददात मिटली, असेही होत नाही. शरीर त्याचा साठा काही महिन्यांपुरताच करू शकते. घशापाशी फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते, जिला आपण थायरॉईड म्हणतो. ती या आयोडीनपासून आपला रस तयार करते, आणि त्या रसावर शरीराची ऊब, चापल्य आणि वाढ अवलंबून असते. आयोडीन कमी पडले की ती ग्रंथी बिचारी जास्त राबू लागते आणि राबता राबता सुजते. हाच गलगंड. पण गळ्यावर दिसणारी गाठ हे या उणिवेचे सर्वांत सौम्य रूप होय. आईच्या पोटातील बाळाचा मेंदू घडत असताना आयोडीन कमी पडले तर होणारी हानी पुढे भरून निघत नाही. मूल मंदबुद्धी, मुके, बहिरे, खुरटे निपजू शकते. आणि जेथे इतका अनर्थ होत नाही तेथेही बुद्धीची धार थोडी बोथट राहते, व ती का बोथट राहिली याचा कोणास पत्ताही लागत नाही. आयोडीनच्या मापाला महत्त्व आहे ते यासाठी.

आता भूगोलाकडे वळू. समुद्राच्या पाण्यातील आयोडीनचा अंश हवेत मिसळतो, पावसाबरोबर जमिनीवर येतो आणि पुन्हा नद्यांच्या वाटेने समुद्रास मिळतो. जेथे पाऊस आणि बर्फ जमीन धुऊन काढतात, तेथील मातीत आयोडीन थोडे उरते. त्या मातीतील धान्यात थोडे, आणि ते धान्य खाणाऱ्यांत थोडे. मातीत जे नाही ते शेतकऱ्याने कितीही घाम गाळला तरी कणसात उतरत नाही. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा म्हणूनच गलगंडाचे माहेरघर ठरला. आपल्या पूर्वजांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. सुश्रुतसंहितेत निरनिराळ्या पर्वतांतून निघणाऱ्या नद्यांच्या पाण्याचे दोष सांगितले आहेत. त्यांत हिमालयातून येणाऱ्या नद्यांच्या पाण्याने होणाऱ्या विकारांत गलगंडाचे नाव येते, तर सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांच्या माथी त्वचेचा रोग मारला आहे. कारणमीमांसा आज पटणारी नसेल; पण रोगाचा संबंध प्रदेशाशी आणि पाण्याशी आहे, हे निरीक्षण मात्र विलक्षण आहे.

आपली कृष्णा ही त्या सह्यकन्यांपैकी एक. महाबळेश्वरास ती उगम पावते तेथून पश्चिम समुद्र अवघा चाळीसएक मैलांवर आहे. पण तिने त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवली आणि वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली करीत सुमारे चौदाशे किलोमीटरची वाट चालून ती बंगालच्या उपसागरास मिळाली. तिच्या उगमापाशी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि म्हसवड-आटपाडीकडे वीस इंच पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. एकीकडे धुऊन निघालेली डोंगरउताराची माती, दुसरीकडे पावसाचे ढग वाटेतच रिते झाल्यावर उरलेली कोरडी माळराने. अशा मुलखात केवळ मातीवर आणि पिकावर भिस्त ठेवून आयोडीनचे माप पुरे पडेलच, अशी हमी कोणी द्यावी?

घाटाखालून वर येणारी एक वाट मात्र जुन्या काळापासून वाहती होती. कोकणच्या खाड्यांवरील मिठागरांत पिकलेले मीठ महाड आणि चिपळूण या बंदरांतून बैलांच्या पाठीवर चढे आणि पारघाट, कुंभार्ली घाट अशा वाटांनी देशावर येई. देशावरून धान्य, गूळ, मिरची, हळद खाली उतरे. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येई. लमाणांचे तांडेच्या तांडे हा व्यवहार करीत. 'लवण' या शब्दावरूनच त्यांना लमाण हे नाव पडले, असे सांगतात. पुढे गाडीरस्ते झाले, पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि बैलांच्या पाठीवरील गोण्या इतिहासजमा झाल्या. पण कऱ्हाडच्या किंवा वाईच्या वाण्याच्या दुकानातील खडे मीठ हे समुद्राचेच, ही गोष्ट बदलली नाही.

येथे कोणीही सुज्ञ श्रोता म्हणेल, 'मीठ समुद्राचे आणि आयोडीनही समुद्राचे. तेव्हा घाटावरच्या माणसाला मिठातून आयोडीन मिळतच असले पाहिजे.' हा समज फार जुना आणि फार व्यापक आहे. पण साधा त्रैराशिकाचा हिशेब त्याला टिकू देत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असते अवघे ५० ते ६० मायक्रोग्रॅम. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी दहा ग्रॅम मिठातून पंधरा-सतरा मायक्रोग्रॅम हाती लागणार. म्हणजे दिवसाच्या गरजेचा नववा-दहावा हिस्सा. प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाही, कारण मीठ जमल्यावर उरलेले कडू पाणी काढून टाकतात आणि आयोडीनचा बराच भाग त्याबरोबर जातो. तेव्हा लमाणांच्या तांड्यातून खरे आयोडीन कशात येत असेल, तर ते मिठाच्या गोणीत नव्हे, शेजारच्या सुकट-बोंबलाच्या गोणीत! आठवडी बाजारात ती गोणी घेणाऱ्याच्या घरी ते पोहोचले. माळकऱ्याच्या आणि जैनाच्या घरी मीठ गेले. पण मिठाबरोबर समुद्र गेला नाही. त्या घरांचा आधार दूध, ताक, भाजीपाला आणि आडाचे पाणी; आणि या प्रत्येकातील आयोडीन त्या त्या मातीवर आणि गुरांच्या चाऱ्यावर अवलंबून.

हे द्रव्य माणसाला सापडले ते मात्र समुद्राच्या वाटेनेच. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हा सोरा तयार करणारा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करीत असता, तीतून एकाएकी जांभळी वाफ उठली. त्या जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्या द्रव्याला आयोडीन नाव मिळाले. पुढे नऊच वर्षांनी, १८२० साली, जिनीव्हाचे वैद्य कुॲंदे यांनी गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन देऊन पाहिले. गाठी उतरू लागल्या. पण मात्रा मोठी होती. काहींना त्याचा त्रास झाला आणि औषधाची जितकी कीर्ती तितकीच अपकीर्ती झाली. १८३० नंतर बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील अनुभवावरून सुचविले की, ज्या मिठात निसर्गतःच आयोडीन आहे ते लोकांना खावयास द्यावे. त्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या काही भागांत आयोडीन वाटण्याचा उपक्रमही झाला. पण पुन्हा मात्रेचा अंदाज चुकला, लोकांस त्रास झाला आणि उपक्रम गुंडाळला गेला. औषध खरे होते. माप खोटे होते. आणि एवढ्या एका चुकीपायी गलगंडावरचा उपाय अर्धशतकाहून अधिक काळ मागे पडला. आयोडीनच्या इतिहासाचे सूत्र आम्हांस यातच दिसते. हे द्रव्य मिळवण्यापेक्षा मोजून देणे अवघड.

मोजण्याची विद्या साधली ती विसाव्या शतकात. १८९५ साली जर्मनीत बाउमान यांनी अवटू ग्रंथीतच आयोडीन असल्याचे दाखवले. १९१७ पासून अमेरिकेतील ओहायो संस्थानात ॲक्रन या गावी डेव्हिड मरीन आणि किंबल या दोघांनी शाळकरी मुलींवर प्रयोग केला. आयोडीन घेतलेल्या दोन हजारांहून अधिक मुलींपैकी अवघ्या पाच जणींची ग्रंथी वाढली. न घेतलेल्या सुमारे तेवीसशे मुलींपैकी जवळजवळ पाचशे जणींची वाढली. स्वित्झर्लंड हा देश तर आपल्या घाटमाथ्यासारखाच समुद्राला पारखा. तेथे १९१८ साली बायार नावाच्या डॉक्टरांनी झर्मॅटच्या खोऱ्यातील काही कुटुंबांना अत्यल्प आयोडीन घातलेले मीठ देऊन पाहिले, आणि १९२२ साली ॲपेनझेल प्रांतात असे मीठ विक्रीस आले. १९२४ साली अमेरिकेतील मिशिगन संस्थानाने त्याचाच कित्ता गिरवला.

या साऱ्यांनी मीठच का निवडले? येथेच मिठाचा राजकीय इतिहास आणि वैद्यकीय इतिहास एकमेकांस भेटतात. मीठ सर्वांना लागते, श्रीमंतास आणि गरिबास जवळजवळ सारखेच लागते, रोज लागते, आणि कोणी हौसेने भाकरीऐवजी मीठ खात नाही. इंग्रज सरकारने मिठावर कर बसवला तो नेमक्या याच गुणांमुळे. जी वस्तू कोणालाच सोडता येत नाही तिच्यावरचा कर कोणालाच चुकवता येत नाही. १९३० साली हा कर मणामागे सव्वा रुपया होता. ज्या महात्माजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना स्वतः अळणी जेवण्याचे व्रत घेतले होते, त्यांनीच मिठासाठी दांडीची वाट धरली; कारण प्रश्न त्यांच्या जिभेचा नव्हता, गरिबाच्या भाकरीचा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्रातील सत्याग्रही शिरोड्याच्या मिठागरांवर गेले. योगायोग असा की, त्या वेळी शिरोड्याच्या शाळेत मुलांना शिकवणारे वि. स. खांडेकर हे जन्माने सांगलीचेच. सातारा जिल्ह्याला समुद्र नव्हता, म्हणून येथील लोकांनी कायदेभंगासाठी जंगल निवडले आणि आज सांगली जिल्ह्यात असलेल्या बिळाशीचा जंगल सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला. मीठ पिकवता येत नाही अशा मुलखाने त्याच लढ्यात आपली वाट शोधली, ही आमच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. १९४७ साली मिठावरील कर उठला. ज्या सर्वव्यापीपणामुळे मीठ जुलमाचे साधन झाले होते, त्याच सर्वव्यापीपणामुळे ते आता आरोग्याचे साधन होणार होते.

त्या कार्यास हिमालयाच्या पायथ्याशी आरंभ झाला. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे एक लक्ष लोकवस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पाठवले, मधल्या विभागात साधे. आरंभी तिन्हीकडे शंभरांत सुमारे चाळीस मुलांना गलगंड होता. सहा वर्षांत आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत हे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. साधे मीठ खाणाऱ्यांत होते तेथेच राहिले. मग त्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथीलही गाठी ओसरल्या. या प्रयोगात आणखी एक व्यावहारिक प्रश्न सुटला. आपल्या दमट, उष्ण हवेत टिकणारे आयोडीनचे रूप कोणते? पोटॅशियम आयोडेट हे त्याचे उत्तर, आणि आज आपल्या मिठात तेच असते.

१९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण त्याची नजर हिमालयाकडे होती. सह्याद्रीच्या कुशीतील शाकाहारी माणूस त्या नकाशात नव्हता. पुढे पाहण्या वाढल्या तसे दिसून आले की, ही उणीव मैदानी प्रदेशात आणि किनाऱ्यालगतही आहे. १९८० नंतरच्या दशकात, देशातील सर्वच खाण्याच्या मिठात आयोडीन घालावे असे धोरण ठरले. १९८३ साली टाटांचे पाकीटबंद मीठ बाजारात आले, आणि वाण्याच्या उघड्या पोत्यातील खड्यांची जागा हळूहळू पाकिटांनी घेतली. १९९२ साली कार्यक्रमाच्या नावातून 'गलगंड' जाऊन 'आयोडीन-न्यूनताजन्य विकार' हे शब्द आले. म्हणजे गळ्याच्या गाठीवरून नजर बाळाच्या मेंदूकडे वळली. आयोडीनरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास १९९८ साली देशभर बंदी झाली, २००० साली ती उठली आणि २००६ साली पुन्हा आली.

ही चढउतार उगाच झाली नाही. 'मिठावर सरकारची सक्ती' हे शब्दच आपल्या देशात १९३० ची आठवण जागी करतात. ज्याला उणीव नाही त्याने हे मीठ का घ्यावे? छोट्या मिठागरवाल्याचे काय? दर का वाढावा? हे प्रश्न खोटे नव्हते. नागपूरच्या 'ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट' या संस्थेने ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. २०११ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, भेसळ रोखण्याच्या कायद्याखाली असा नियम करता येत नाही. मात्र आरोग्याचे महत्त्व ओळखून, योग्य तो कायदेशीर आधार तयार करण्यास सरकारला काही काळ मुभा दिली. त्याच वर्षी अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत ती तरतूद आली. आमचे मत विचाराल तर, कर आणि हे माप यांत एक मूलभूत भेद आहे. कर गरिबाच्या घरातून काही नेत होता. हे माप त्याच्या घरात काही आणून ठेवते. तथापि सक्ती करणाऱ्याने आपले माप चोख ठेवले पाहिजे, ही नागरिकांची मागणी दोन्ही वेळी सारखीच रास्त आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, ज्यांच्या मिठात दशलक्ष भागांमागे किमान पंधरा भाग आयोडीन सापडले अशी घरे सुमारे तीनचतुर्थांशच भरली. उरलेल्या चौथाईतील मीठ खारट होते. पण माप अपुरे होते.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. शाकाहारी घराला आज आयोडीन मिळते ते मुख्यतः दोन वाटांनी. पाकिटातील मीठ आणि दूधदुभते. दुधातील आयोडीन गाईम्हशींच्या चाऱ्यावर आणि त्यांना मिळणाऱ्या क्षारमिश्रणावर ठरते, त्यामुळे ते कमीजास्त होते. जो दूधही सोडतो, त्याची एक वाट बंद होते. त्याने मिठाचीही वाट बंद केली, तर? आणि आज नेमके हेच पुष्कळ ठिकाणी घडत आहे. 'नैसर्गिक' म्हणून गुलाबी सैंधवाचा प्रसार झाला आहे. सैंधव आपल्याला नवे नव्हे. वैद्यकात त्यास मोठा मान आहे आणि उपवासालाही कित्येक घरी ते चालते. पंजाबच्या मीठडोंगरांतील, आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या खाणीतून ते येत असे. पण त्यात आयोडीन नगण्य असते. उपवासाच्या दिवशी त्याने काही बिघडत नाही. बारा महिने तेच आणि तेवढेच वापरणाऱ्या, दूध न घेणाऱ्या घरात एखादी सून गरोदर असेल, तर मात्र ही साधी निवड राहत नाही.

आपल्या पिकांचाही येथे थोडा संबंध येतो. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत बाजरी आहे. कृष्णाकाठी सोयाबीन फोफावले आहे. कोबी-फ्लॉवर तर सर्वत्र. या पदार्थांतील काही घटक अवटू ग्रंथीच्या कामात थोडा अडथळा आणतात. सुदानच्या दारफूर भागात, जेथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीन तुटपुंजे, तेथे गलगंडाशी बाजरीचा संबंध आढळला. पण म्हणून कोणी बाजरीची भाकरी टाकावयाची नाही. आयोडीनचे माप पुरे असेल तर हा अडथळा जाणवतही नाही. दोष भाकरीचा नसतो. भाकरीबरोबरचे मीठ कोणते, हा प्रश्न असतो.

मग उलट टोकास जावे का? समुद्रशेवाळाची भुकटी आणि गोळ्या आता शहरांत मिळतात. त्यांत आयोडीन असते यात शंका नाही. पण किती, हे शेवाळागणिक इतके बदलते की एका चिमटीत कित्येक दिवसांचा वाटा येऊ शकतो. जपानमधील होक्काइडो बेटाच्या किनाऱ्यावर मुबलक शेवाळ खाणाऱ्या कोळ्यांना गलगंड आढळला, तो आयोडीनच्या अतिरेकामुळे. टास्मानियात १९६६ साली पावात आयोडीन घालू लागल्यावर, वर्षानुवर्षे उणिवेत राहिलेल्या काही वयस्क माणसांची ग्रंथी भलतीच चेतली. कमी पडले तरी गाठ, जास्त झाले तरी गाठ! जिनीव्हाच्या वैद्यांनी जो धडा शिकवला तोच पुन्हा समोर येतो. म्हणून ज्यांना अवटूचा विकार आहे, किंवा जे दूध आणि मीठ दोन्ही टाळतात, त्यांनी आपल्या मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांस विचारावे, हे उत्तम.

हिशेब सोपा आहे. दशलक्ष भागांत पंधरा भाग म्हणजे ग्रॅममागे पंधरा मायक्रोग्रॅम. दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाल्ले तर पंचाहत्तर. मिठात तीस भाग असतील तर दीडशे. शिजवताना त्यातले काही उडून जाते. उरलेली तूट दूध आणि इतर अन्न भरून काढतात. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्यास सांगतात, ते योग्यच आहे. आयोडीन मिळावे म्हणून जास्त मीठ खाण्याचे काहीच कारण नाही. फक्त जे थोडे खावयाचे ते आयोडीनयुक्त असावे. बरणीला घट्ट झाकण असावे, ती चुलीजवळच्या वाफेत व उन्हात ठेवू नये, आणि मीठ शक्य तो पदार्थ उतरवतेवेळी घालावे. कैरीच्या दिवसांत घरोघरी लोणचे पडते. आयोडीनयुक्त मिठाने त्याचा रंग किंवा चव बिघडते, हा समज प्रयोगांत खरा ठरलेला नाही. लोणच्यासाठी खडे मीठच हवे असेल तर खुशाल घ्यावे. रोजच्या भाजी-आमटीतले मीठ मात्र पारखून घ्यावे.

एक गोष्ट अखेरीस ध्यानात घ्यावयाची आहे. साखर कमी पडली तर जिभेला कळते, तिखट जास्त झाले तर डोळ्यांना कळते; आयोडीनची तूट मात्र कोणत्याही इंद्रियाला कळत नाही. आजीच्या हाताच्या अंदाजालाही ती कळणार नाही. म्हणून हे माप एकेका घरावर सोपवता येत नाही. ते मिठागरात, कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि दुकानात राखावे लागते, आणि ते राखले जाते की नाही हे पाहण्याचे काम समाजाचे असते. आमच्या पूर्वजांनी मिठासाठी लढा दिला तो मिठावरचा हक्क सर्वांचा आहे म्हणून. त्या हक्काचा दुसरा अर्धा भाग आपल्या वाट्यास आला आहे. आपल्या गावातल्या दुकानात विकल्या जाणाऱ्या मिठात पंधरा भाग आयोडीन आहे की नाही, हे साध्या चाचणी-संचाने कळते. मिठावर थेंब पडताच निळसर रंग येतो. शाळांनी, महिला मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी आरोग्य केंद्राच्या साह्याने वर्षातून एकदा जरी हे करून पाहिले, तरी कोणत्या दुकानात माप पुरे आहे आणि कोणत्या वस्तीत ते घटते आहे, हे कृष्णाकाठच्या गावांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल; आणि ज्या घरात पुढील वर्षी पाळणा हलणार आहे, त्या घराला त्याचा उपयोग सर्वांत आधी होईल.